हशासाठी सोडलेली जागा : सुरुवातीचे विनोदी बोलपट घरी कसे पाहावेत

आमच्या घरचा पहिला प्रयोग साफ पडला. दिवाळीत बारा-तेरा माणसं जमली होती, हॉलच्या भिंतीवर प्रोजेक्टर लावला होता आणि मी मोठ्या हौसेने १९२९ चा ‘द कोकोनट्स’ सुरू केला. मार्क्स बंधू या अमेरिकी विनोदवीर भावांचा हा पहिला बोलपट, तेव्हा सुरुवात इथूनच करायची, असं माझं पुस्तकी गणित. विसाव्या मिनिटाला मावशीची मान कलली. चाळिसाव्या मिनिटाला पोरं फटाक्यांचं निमित्त काढून खाली पळाली. तासाभराने खोलीत मी, बाबा आणि चकल्यांचा डबा, एवढेच उरलो.

बाबा मात्र टक लावून बघत होते. नोकरी सांभाळून त्यांनी पंचवीस वर्षं हौशी नाटकं केली. राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमींतच आमचं निम्मं बालपण गेलं. मधेच म्हणाले, “थांबतायत बघ.”

“कोण?”

“हे सगळे. वाक्य टाकलं की अर्धा श्वास थांबतात. हशाला जागा सोडतायत. आणि इथे हशाच नाही, म्हणून बिचारे बावळट दिसतायत.”

नाटकवाल्या माणसाला जे दोन मिनिटांत कळलं, ते मला चार पुस्तकं वाचून कळलं नव्हतं. त्यानंतर दोनेक वर्षं मी हे सिनेमे निरनिराळ्या क्रमाने, निरनिराळ्या माणसांसमोर लावून पाहिले. त्यातून जमलेली पद्धत खाली देतो. ती १९२९ ते १९३५ या काळातल्या अमेरिकी विनोदी बोलपटांपुरतीच आहे, आणि त्यातही लॉरेल-हार्डी, डब्ल्यू. सी. फील्ड्स आणि मार्क्स बंधू यांच्यापुरती. बाकीच्यांकडे नंतर वळता येतं.

आधी पाच मिनिटं गोष्ट सांगा

सिनेमा लावण्याआधी जमलेल्यांना थोडी पार्श्वभूमी द्या. व्याख्यान नको, गोष्ट सांगा. कारण हे सिनेमे असे विस्कटलेले का दिसतात ते कळलं नाही, तर माणूस त्यांना फक्त ‘जुनाट’ म्हणतो आणि फोन काढतो.

गोष्ट अशी. ऑक्टोबर १९२७ मध्ये ‘द जॅझ सिंगर’ आला. तो पुरता बोलपट नव्हता; बराचसा मूक, मधेमधे गाणी आणि थोडं बोलणं. पण लोकांनी डोक्यावर घेतला आणि दोन वर्षांत हॉलिवूड बोलायला लागलं. मूकपटाच्या काळात कॅमेरा हवा तसा पळायचा, दिग्दर्शक चालू शॉटमध्ये ओरडून सूचना द्यायचा. आता सेटवर माइक आला. तेव्हाचा माइक म्हणजे चाळीतल्या चोंबड्या शेजाऱ्यासारखा, कामाचं आणि बिनकामाचं सगळं सारख्याच आवडीने ऐकणारा. बुटांची टकटक, रेशमी झग्याची सळसळ, कॅमेऱ्याची घरघर, सगळं संवादाच्या बरोबरीने ध्वनिमुद्रित व्हायचं. म्हणून कॅमेरा आणि त्याच्यासकट कॅमेरामन, दोघांनाही काचेची खिडकी असलेल्या आवाजबंद पेटीत कोंडत. पेटी हलणार कशी? कॅमेरा एका जागी बसला. ध्वनिफीत कापून जोडणंही तेव्हा जिकिरीचं होतं, म्हणून दोन-तीन पेट्या मांडायच्या, सगळे कॅमेरे एकदम सुरू करायचे आणि प्रसंग नाटकासारखा सलग खेळून घ्यायचा. माइक फुलदाणीत नाहीतर पडद्यामागे दडवलेला, त्यामुळे नटानेही त्याच्या आसपासच घुटमळायचं.

आता या पेटीसमोर कोण आणून उभं केलं, तर व्होडव्हिलचे कलाकार. व्होडव्हिल म्हणजे एका तिकिटात गाणं, जादू, कसरती, नकला आणि विनोदी प्रवेश. मार्क्स बंधूंनी तिथे वीसेक वर्षं घासली होती. समोरच्या प्रेक्षकाच्या हशावर वाक्य पुढे-मागे करायचं, आज पिकलं ते उद्या वाढवायचं, पडलं ते गाळायचं, ही त्यांची सवय. स्टुडिओत मात्र हसायला बंदी! कामगाराने तोंडावर हात दाबून धरला नाही तर शॉट वाया. म्हणजे ज्यांचा सगळा हिशेब हशावर चालायचा, त्यांना ठार शांततेत, एका पेटीसमोर, माइकपासून चार हातांत विनोद करायचा होता. त्यातून जो गोंधळ झाला, तोच आपण बघायला बसलोय.

एवढं सांगितलंत की पुरे. बाकीचं पडद्यावर दिसतंच.

माणसं जमवा, हेडफोन ठेवून द्या

हे सिनेमे रात्री एकट्याने, मोबाइलवर, कानात बोंडं घालून पाहू नका. मी पाहिलेत. नाटकाच्या तालमीला चुकून जाऊन बसल्यासारखं वाटतं. किमान सहा माणसं हवीत, दहा असली तर उत्तम. सगळी एकाच वयाची नकोत. आठ-नऊ वर्षांचं एखादं पोर आणि सत्तरीतला एखादा माणूस असला की काम सोपं होतं. पोर पडापडीला हसतं, आजोबा थांब्याला हसतात आणि मधल्या वयाचे त्या दोघांकडे बघून हसायला लागतात.

खुर्च्या जवळजवळ मांडा. हशा हा साथीचा रोग आहे, अंतर ठेवलं की पसरत नाही. खाण्यात चिवडा चालेल, पण प्लॅस्टिकच्या पिशवीतला नको. वाटीत काढून द्या. नव्वद वर्षांपूर्वीच्या आवाजाला कुरकुरीत पिशवीशी झुंजायला लावू नये.

टीव्हीची हुशारी बंद करा

या भागाचा कंटाळा येतो, पण नव्वद टक्के माणसांचा विरस इथेच होतो.

चित्राचा आकार. या काळातली चौकट चौरसाकडे झुकणारी आहे. डाव्या-उजव्या बाजूला काळे पट्टे दिसणं बरोबर आहे. घरातलं कोणीतरी हमखास रिमोट घेऊन ‘पडदा भरून’ टाकतं आणि मग हार्डीचं डोकं किंवा लॉरेलचे बूट गायब होतात. विनोद नेमका तिथेच असतो. सेटिंगमध्ये मूळ आकार ठेवा. हालचाल गुळगुळीत करणारी जी सोय हल्लीच्या टीव्हीत असते ती बंद करा, नाहीतर १९३२ चा सिनेमा काल दुपारच्या मालिकेसारखा दिसतो.

आवाज. सगळं एकाच मार्गातून आलेलं आहे. साउंडबारला सिनेमा मोड, सराउंड वगैरे काही लावू नका. संवाद खोलीभर विखुरतो. साधा मोड लावा, खर्ज कमी करा, आणि माणसाच्या आवाजाला पुढे आणणारी सोय असेल तर तीच तेवढी चालू ठेवा. मागची सरसर पहिल्या पाच मिनिटांत कानाआड होते. ती घालवण्यासाठी आवाज ‘स्वच्छ’ केलेल्या प्रती मिळतात, त्यांत शब्दांच्या कडाही घासल्या गेलेल्या असतात. मला सरसर परवडते.

प्रत. रंगवलेली नको, यंत्राने तुकतुकीत केलेली नको, वेग वाढवलेली तर मुळीच नको. लांबी तपासून घ्या : ‘डक सूप’ आणि ‘हॉर्स फेदर्स’ हे दोन्ही सत्तर मिनिटांच्या जरा आतले, ‘द म्युझिक बॉक्स’ अर्ध्या तासाचा. चाळीस मिनिटांचा ‘डक सूप’ कुठे दिसला तर तो कोणीतरी कापलेला आहे. उलट ‘हॉर्स फेदर्स’मध्ये एका प्रसंगात चित्र टुणटुण उड्या मारतं, ते तुमच्या प्रतीचं दुखणं नव्हे. मूळ फिल्ममधलाच तो भाग खराब झालाय आणि हरवलेले तुकडे अजून सापडलेले नाहीत.

सोसायटीच्या हॉलमध्ये जाहीरपणे दाखवायचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. मात्र एखाद्या डिस्कवरची नवी सबटायटल्स किंवा नव्याने घातलेलं संगीत यांचे हक्क वेगळे असू शकतात. घरातल्या घरात ही कटकट नाही.

पहिली संध्याकाळ : जाड्या-रड्या आणि पियानो

सुरुवात ‘द म्युझिक बॉक्स’ने करा. १९३२ चा, लॉरेल-हार्डीचा. आपल्याकडे यांना जाड्या-रड्या हे नाव कोणी दिलं देव जाणे, पण इतकं नेमकं बारसं क्वचितच होतं. इंग्रजी जेमतेम येणाऱ्यालाही हा सिनेमा पूर्ण कळतो, म्हणून पहिला नंबर याचा. विनोदी लघुपटासाठीचं पहिलं ऑस्कर यालाच मिळालं.

कथा एका ओळीची : दोघांना खोक्यात बंद केलेला पियानो एका घरी पोचवायचाय, आणि ते घर टेकडीवर आहे. मधे पायऱ्या. या पायऱ्या खऱ्या आहेत, लॉस एंजेलिसच्या सिल्व्हर लेक भागातल्या, १३३. याच पायऱ्यांवर या जोडीने १९२७ मध्ये ‘हॅट्स ऑफ’ नावाचा मूकपट केला होता, त्यात पियानोच्या जागी कपडे धुण्याचं यंत्र होतं. तो मूकपट आज हरवलाय. पण दोन्हींतला फरक कल्पनेने समजून घेता येतो आणि तिथेच या सिनेमाची गंमत आहे : पियानो वाजतो. खोकं पायरीवर आपटलं की आतून ‘टँव’ असा विव्हळण्याचा आवाज येतो. सुटून गडगडत खाली जायला लागलं की आख्खा वाद्यवृंद जिन्यावरून पडल्यासारखा वाटतो. मूकपटात खोकं ही नुसती वस्तू असती, इथे ते तिसरं पात्र झालंय.

प्रेक्षकांना एकच काम द्या : खोकं सुटलं की खोक्याकडे बघू नका, हार्डीच्या चेहऱ्याकडे बघा. तो कॅमेऱ्यात बघतो, थेट तुमच्याकडे. रागावत नाही, ओरडत नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये एखादा सज्जन सेक्रेटरी बघतो तसा हताशपणे बघत राहतो. ते बघणं जरा जास्तच लांबतं. बाबा म्हणाले ती जागा हीच. या जोडीचे सिनेमे आधी प्रेक्षकांसमोर चाचणीला लावत आणि हशा किती टिकतो ते पाहून कापत. थिएटरमध्ये लोक हसत असताना पुढचं वाक्य बुडू नये म्हणून हार्डी आपल्याकडे बघत उभा असतो. तुमच्या खोलीत दहा जण हसले तर तो बरोबर वेळेवर नजर काढून घेतो. मी मोजून पाहिलंय.

घामाघूम होऊन पियानो वर पोचतो, तेव्हा पोस्टमन येऊन सांगतो की मागून गाडीचा रस्ता आहे, पायऱ्या चढायची गरजच नव्हती. यावर दोघं काय करतात? पियानो पुन्हा खाली नेतात आणि गाडीतून वर आणतात. इथे मी दर वेळी सिनेमा थांबवतो आणि आमच्याकडच्या सरकारी कचेऱ्यांचे किस्से पाच मिनिटं होऊ देतो. ते आवरत नाहीतच.

दुसरी संध्याकाळ : गॅलरीत झोपू पाहणारा माणूस

१९३४ चा ‘इट्स अ गिफ्ट’ पूर्ण लावायची गरज नाही, पण त्यातला झोपेचा प्रसंग चुकवू नका. डब्ल्यू. सी. फील्ड्स हा मध्यमवयीन किराणा दुकानदार आहे. बायकोच्या कटकटीला वैतागून तो पहाटे लाकडी गॅलरीत, झोपाळ्यावर अंग टाकतो. तीन मजल्यांची लाकडी इमारत, मागच्या बाजूने गॅलऱ्या आणि जिने. गिरगावात किंवा दादरला चाळीत वाढलेल्या माणसाला वेगळं काही सांगावं लागत नाही.

आणि मग आवाज सुरू होतात. दूधवाल्याच्या बाटल्या किणकिणतात. एक नारळ जिन्यावरून पायरी-पायरीने, अगदी निवांत, टक्क… टक्क… करत उतरतो, पत्र्याच्या डब्यांना धडकतो, पुन्हा निघतो. खालून एक विमा एजंट कुणा कार्ल लाफाँगचा पत्ता विचारत येतो आणि नावाचं स्पेलिंग एकेक अक्षर सुटं करून सांगतो. वरच्या मजल्यावरचं तान्हं पोर फटीतून द्राक्षं टाकतं. मायलेकी वरून-खालून गप्पा मारतात. कपड्यांच्या दोरीची कप्पी करकरते.

या प्रसंगात मोठ्याने कोणी काहीच विनोद करत नाही. सगळा विनोद आवाजांच्या क्रमात आहे. म्हणून इथे एक उद्योग करून बघा : प्रसंग एकदा नेहमीसारखा बघा आणि दुसऱ्यांदा डोळे मिटून ऐका. नारळ कितव्या पायरीवर आहे ते बंद डोळ्यांनी कळतं. १९२९ मध्ये ज्या माइकने सगळ्यांच्या नाकी नऊ आणले होते, त्याच्याकडून पाच वर्षांत काय काम करून घेतलंय, ते या एका नारळात ऐकू येतं.

वेळ उरला तर चॅप्लिनच्या १९३१ च्या ‘सिटी लाइट्स’ची पहिली पाच मिनिटं लावा. पुढारी भाषणं देतात आणि त्यांच्या तोंडून शब्दांऐवजी पिपाणीसारखा किचकिचाट येतो. बोलपटावर रुसलेल्या माणसाने बोलपटाला केलेला तो नमस्कार आहे, कोपरापासून केलेला.

तिसरी संध्याकाळ : मार्क्स बंधू, पण उलट्या क्रमाने

माझी चूक इथे झाली होती. वर्षानुसार जाऊ नका. पेटीतला कॅमेरा बाहेर आला, माइक काठीला टांगून नटाच्या डोक्यावरून फिरायला लागला, त्यानंतरचे सिनेमे आधी बघा. माझा क्रम : आधी १९३१ चा ‘मंकी बिझनेस’, मग १९३३ चा ‘डक सूप’, मग १९३२ चा ‘हॉर्स फेदर्स’, आणि सगळ्यात शेवटी ‘द कोकोनट्स’. १९३५ चा ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ अध्येमध्ये कुठेही चालतो. तो जास्त नीटनेटका आहे, आणि माझ्या मते तेच त्याचं थोडं न्यून आहे. एका चिमुकल्या केबिनमध्ये पंधराएक माणसं कोंबली जातात तो प्रसंग मात्र कोणत्याही दिवशी, कोणालाही दाखवा. व्हीटीहून सहा बावीसची लोकल पकडणाऱ्याला तर जरूर.

आधी पात्रं ओळखून द्या, फार बोलू नका. ग्राउचो : रंगाने काढलेली मिशी, सिगार, वाकून चालणं, तोंडाचा पट्टा. चिको : इटालियन असल्याचं सोंग, शब्दांचा चुकीचा अर्थ लावण्यात पटाईत. हार्पो : एक शब्द बोलत नाही, शिट्टी, भोंगा आणि कोटाच्या खिशातून निघणारं वाटेल ते. झेपो : देखणा, ‘डक सूप’नंतर बाजूला झाला. आणि मार्गारेट ड्युमाँट, उंच, भारदस्त, श्रीमंत विधवेच्या भूमिकेत, जिच्या प्रतिष्ठेवर हे सगळं येऊन आदळतं. ‘मंकी बिझनेस’ आणि ‘हॉर्स फेदर्स’मध्ये ती नाही, आणि तिची उणीव जाणवते.

आपल्याला ग्राउचो-चिको जोडी समजायला सोपी जाते, याचं कारण तमाशातली बतावणी. सोंगाड्या प्रत्येक शब्दाचा भलताच अर्थ लावत जातो आणि समोरचा शहाणा हळूहळू वेडा होतो, ही चाल आपल्या अंगवळणी पडलेली. ‘हॉर्स फेदर्स’मध्ये चोरट्या दारूच्या गुत्त्याच्या दाराशी चिको पहारा देतो. तेव्हा अमेरिकेत दारूबंदी होती. परवलीचा शब्द सांगितल्याशिवाय आत सोडत नाही, आणि तो शब्द म्हणजे एका माशाचं नाव आहे, असं स्वतःच सांगून बसतो. ग्राउचोने ओळखायचं. ओळखतो, आत जातो, आणि चिको बाहेर अडकतो. मग आतल्या ग्राउचोला परवलीचा शब्द आठवत नाही आणि दोघेही दाराबाहेर. शब्द आहे ‘स्वोर्डफिश’, तलवार मासा. थोड्या वेळाने मुका हार्पो येतो. तो कसा आत जाणार? मासा काढतो, त्याच्या तोंडात तलवार खुपसतो आणि दाखवतो. झालं काम.

‘मंकी बिझनेस’ बघताना बंदरावरच्या पासपोर्ट तपासणीची वाट बघा. चौघेही जहाजातून चोरून आलेत आणि फ्रेंच गायक-नट मॉरिस शव्हालिएचा पासपोर्ट त्यांच्या हाती लागलाय. आपणच तो, हे सिद्ध करायला एकेक जण त्याचं गाणं गाऊन दाखवतो. हार्पोच्या गळ्यातून हुबेहूब शव्हालिए निघतो, अधिकारीही चक्रावतो. आणि मग आवाज ढेपाळायला लागतो, खाली-खाली जातो, कारण हार्पोच्या पाठीला बांधलेल्या फोनोग्राफची चावी संपत आलेली असते. बोलपटाला पुरती चार वर्षं झाली नाहीत तोवर, ओठ एकाचे आणि आवाज दुसऱ्याचा या युक्तीची इतकी सुंदर टिंगल! पार्श्वगायनावर पोसलेल्या आपल्यासारख्या प्रेक्षकांना ती अमेरिकनांपेक्षा जास्त लागू पडावी.

‘डक सूप’मधल्या आरशाच्या प्रसंगाला मात्र खोलीत कोणालाच बोलू देऊ नका. हार्पो ग्राउचोच्याच वेशात आहे : लांब झगा, टोपी, मिशी. पळताना त्याच्याकडून मोठा आरसा फुटतो. ग्राउचो बघायला येतो आणि हार्पो त्याचं प्रतिबिंब असल्याचं नाटक करतो. ग्राउचो वाकला की तो वाकतो, उडी मारली की उडी. दोघं एकमेकांभोवती गोल फिरून जागा बदलतात, तरी खेळ चालूच. सुमारे तीन मिनिटं. संवाद नाही, संगीत नाही, पावलाचाही आवाज नाही. दिग्दर्शक लिओ मॅकॅरी पूर्वी हॅल रोचच्या स्टुडिओत मूक विनोदपट करायचा आणि लॉरेल-हार्डीची जोडी जमवण्यात त्याचा हात होता. म्हणून इथे बोलपटाच्या ऐन मध्यात मूकपट उगवलाय. आमच्याकडे या प्रसंगात आवाज होता तो फक्त खोलीतला : आधी पोरांचा, मग मावशीचा. तीन मिनिटांची शांतता बरोबर त्यांच्या मापाची निघाली.

त्याच सिनेमातल्या लढाईत ग्राउचोचा गणवेश दर शॉटला बदलतो. कोणीतरी ‘चूक पकडली’ म्हणून ओरडेल. ओरडू द्या, ते मुद्दाम केलेलं आहे.

सबटायटलचं करायचं काय

ग्राउचोचं बोलणं इतकं भरभर जातं की सबटायटल हवंच. पण सबटायटल वाक्याच्या आधी वाचून होतं, आणि कोटीचा बार अर्धा सेकंद आधीच फुसका होतो. यावर मी शोधलेला उपाय असा : लॉरेल-हार्डी आणि फील्ड्सला सबटायटल नाही. मार्क्स बंधूंना इंग्रजी सबटायटल आहे, पण लहान अक्षरांत आणि अगदी तळाशी. यंत्राने आपोआप तयार केलेली सबटायटल्स कटाक्षाने टाळा. चिकोचे उच्चार ऐकून ती स्वतःच सोंगाड्या होतात.

दोन-तीन कोट्या आधीच फोडून सांगा. ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’मध्ये दोघं करारनाम्यातली न पटणारी कलमं फाडत-फाडत कागदाची चिंधी उरवतात. शेवटी ग्राउचो म्हणतो की हे ‘सॅनिटी क्लॉज’, म्हणजे करार करणारा वेडा ठरला तर करार रद्द. चिकोला ते ‘सँटा क्लॉज’ ऐकू येतं आणि तो म्हणतो, मला काय फसवता, असं काही नसतंच. हे मराठीत येत नाही. पण आधी माहीत असलं की वाक्य यायच्या आधीच खोलीत हसू जमायला लागतं. या सिनेमाचे विनोदी प्रसंग चित्रीकरणाआधी अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या शहरांत रंगमंचावर करून, हशा घड्याळ लावून मोजून पक्के केलेले आहेत. तुम्ही जागच्या जागी हसलात की त्या मोजणीला न्याय मिळतो.

हार्पवादन आणि पियानोवादन जवळपास प्रत्येक सिनेमात येतं. हार्पोचं मनापासून ऐका, बाकी प्रेमी जोडप्याची गाणी लागली की चहा टाका. कोणी वाईट वाटून घेणार नाही. ‘डक सूप’मध्ये ही वादनं नाहीत, म्हणून तो सलग लावावा.

खटकणाऱ्या जागा

आहेत. हार्पो दिसेल त्या बाईच्या मागे धावतो; १९३१ मध्ये लोक हसले, आमची पुतणी हसली नाही आणि तिचं बरोबर आहे. वंशावरून केलेले शेरे मधूनच कानाला टोचतात. ‘इट्स अ गिफ्ट’मध्ये आंधळ्या म्हाताऱ्याने दुकानातल्या काचा फोडण्याचा लांबलचक प्रसंग आहे. लहान मुलं असतील तर आदल्या दिवशी स्वतः एकदा बघून ठेवा. जुलै १९३४ पासून, पडद्यावर काय दाखवायचं-बोलायचं नाही हे सांगणाऱ्या हॉलिवूडच्या आचारसंहितेची अंमलबजावणी कडक झाली, त्याआधीचे हे बरेचसे सिनेमे आहेत. द्व्यर्थी बोलणं मुबलक आहे. ते मात्र मुलांना कळत नाही, मोठ्यांना कळतं, आणि मोठे एकमेकांकडे न बघता हसतात.

आपल्या वाटेवरचे दोन

अमेरिकी फेरी संपल्यावर मास्टर विनायकांचे दोन सिनेमे लावा. आपल्याकडे ‘आलम आरा’ मार्च १९३१ मध्ये मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला आणि पुढच्या वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलला. विनोदाला मात्र जरा वेळ लागला. आचार्य अत्र्यांच्या कथेवरचा ‘ब्रह्मचारी’ १९३८ चा. ब्रह्मचर्याची शपथ घेतलेला तरुण आणि पाण्यात गाणारी मीनाक्षी, म्हणजे शपथेचं पुढे काय होणार ते उघडच आहे. दुसरा १९४० चा ‘लग्न पाहावे करून’, त्यात चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ झालेत दामूअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग. दामूअण्णांचे ते डोळे आणि तो चेहरा बघा, आणि ते किती वेळ थांबतात तेही. जाड्या-रड्या पाहून बसलेल्या खोलीला वेगळं समजावून द्यावं लागत नाही.

शेवटी ‘द कोकोनट्स’, आणि एक ओलं वर्तमानपत्र

आता पहिल्या दिवाळीला पडलेला सिनेमा पुन्हा लावा. हे मूळचं ब्रॉडवेवरचं नाटक. दिवसा न्यूयॉर्कच्या ॲस्टोरियातल्या पॅरामाउंटच्या स्टुडिओत चित्रीकरण आणि रात्री रंगमंचावर पुढच्या नाटकाचा, ‘ॲनिमल क्रॅकर्स’चा प्रयोग, अशी भावांची धावपळ चालली होती. विषय फ्लोरिडातल्या जमिनींच्या सट्ट्याचा. ग्राउचो प्लॉटचा लिलाव पुकारतो, चिकोने बोली वाढवत न्यायची असं ठरलेलं असतं, आणि एकदा सुरू झालेला चिको थांबतच नाही. हायवेलगतचे ‘एनए’ प्लॉट बघायला रविवारी बसमधून गेलेल्या कोणालाही हा प्रसंग कळेल.

पण ज्याच्यासाठी इथवर आलो तो प्रसंग नकाशाचा. ग्राउचो चिकोला जमिनीचा नकाशा समजावून देतो. इथे व्हायडक्ट आहे, म्हणजे पूल, असं सांगतो. चिकोला ऐकू येतं ‘व्हाय अ डक’, बदकच का? आणि मग कोंबडी का नाही, असं सुरू होऊन ती बतावणी संपता संपत नाही. नकाशा उलगडताना कोरडा कागद माइकमध्ये विजेसारखा कडाडायचा, संवाद ऐकूच यायचे नाहीत. म्हणून तो कागद पाण्यात भिजवून घेतला. पडद्यावर नीट बघा, नकाशा लोंबतोय.

सिनेमा लावायच्या आधी हे घरी करून दाखवा. मोबाइलवर ध्वनिमुद्रण सुरू करा, त्याच्याजवळ वर्तमानपत्राचं एक पान उलगडा, घडी घाला. मग दुसरं पान बादलीत बुडवून, निथळून, तसंच उलगडा. दोन्ही ऐकवा. आमच्याकडे हे काम मावशीने केलं, कारण पहिल्या वेळी झोपल्याची शिक्षा म्हणून तिला पुढे बसवलं होतं. ओलं पान दोन बोटांत धरून तिने कानाजवळ नेलं, हलवलं, पुन्हा हलवलं.

नकाशाचा प्रसंग आला तेव्हा ती अजून ते पान हातात धरूनच बसली होती आणि पाणी सतरंजीवर टपटपत होतं. ग्राउचोने वाक्य टाकलं आणि अर्धा श्वास थांबला. बारा माणसं हसली. त्याने पुढचं वाक्य घेतलं.

“आत्ता बरोबर पडलं,” बाबा म्हणाले आणि चकलीचा डबा पुढे सरकवला.